काळ्या मातीतील पादत्राणे : कामाच्या ठिकाणी नवविचार कसा रुजतो

मागील वर्षावासात बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातील नांदूरघाट येथे प्रवचनासाठी जाण्याचा योग आम्हांस आला. विनयपिटकातील नियम कसे घडत गेले, हा विषय होता. प्रवचन संपल्यावर उपासक-उपासिका पांगू लागल्या तेव्हा मागील रांगेत बसलेली एक तरुण उपासिका पुढे आली. ती आशा सेविका म्हणून काम करते. ती म्हणाली, "गुरुजी, आम्हांला बैठकीत सांगतात, काही तरी नवीन सुचवा. मी सुचवलं. तर म्हणाले, हे नमुन्यात बसत नाही. मग सुचवा कशाला म्हणतात?"

तिने काय सुचविले होते, ते आम्ही विचारून घेतले. तिच्या वस्तीतील निम्मी घरे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीस जातात. कोणी पश्चिम महाराष्ट्रात, कोणी कर्नाटकात. भाद्रपदात जन्मलेल्या बाळाला सहा आणि दहा आठवड्यांचे डोस गावात मिळतात. चौदाव्या आठवड्याचा डोस येतो तो आईबाप उसाच्या फडात असताना. डोस ठरलेल्या मुदतीआधी देता येत नाही, हे तिला ठाऊक होते. म्हणून तिचे म्हणणे एवढेच होते, की कुटुंब निघण्यापूर्वीच्या आठवड्यात तिने प्रत्येक बाळाची चिठ्ठी तयार करावी, कोणते बाळ कोणत्या कारखान्याच्या तळावर जाणार आणि त्याचा पुढचा डोस कधी, हे त्यात लिहावे, आणि ती चिठ्ठी तेथील आरोग्य केंद्राकडे आधीच धाडावी. खर्च जवळजवळ नाही. तथापि ती ज्या बैठकीत बोलली, तेथील वहीत या गोष्टीसाठी रकाना नव्हता.

अलीकडे शाळा, बँका, दवाखाने, कारखाने अशा सर्वच ठिकाणी 'नवोपक्रम' हा शब्द फार ऐकू येतो. त्याच्या स्पर्धा होतात, प्रमाणपत्रे दिली जातात, भिंतीवर सूचनापेटी टांगली जाते. (सूचनापेटीचे कुलूप गंजलेले आम्ही जितक्या ठिकाणी पाहिले, तितक्या ठिकाणी ती उघडलेली पाहिली नाही.) परंतु नवा विचार हा मागितल्याने येत नाही. तो बहुधा आधीच आलेला असतो. प्रत्यक्ष काम करणाऱ्याच्या मनात, कामाच्या अगदी काठावर, तो वाट पाहत असतो. प्रश्न असतो तो त्याला वर जाण्यास वाट आहे की नाही, आणि वर पोहोचल्यावर नियम बदलण्याचा अधिकार कोणी वापरतो की नाही, हा. त्या उपासिकेला आम्ही त्या सायंकाळी जी कथा सांगितली, ती या दृष्टीने फार बोलकी आहे. विनयपिटकाच्या महावग्गात चम्मक्खन्धक नावाचा जो भाग आहे, त्यात ती येते.

थेर महाकच्चान हे अवन्ति देशात कुररघर येथे राहत होते. अवन्ति म्हणजे उज्जैनच्या आसपासचा माळवा. सोण कुटिकण्ण नावाच्या त्यांच्या उपासकाला प्रव्रज्या हवी होती. प्रव्रज्या मिळाली, पण उपसंपदेचे अडले. उपसंपदेसाठी दहा भिक्षूंचा संघ हवा असा नियम होता, आणि त्या प्रांतात भिक्षू इतके विरळ, की दहा जण एकत्र जमविण्यात तीन वर्षे गेली. नियम मगधात आणि कोसलात तयार झाला होता. तेथे एका विहारातच दहा भिक्षू सहज मिळत. नियमात दोष नव्हता, परंतु ज्या भूमीवर तो लागू करावयाचा होता ती भूमी तो करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर नव्हती.

उपसंपदेनंतर सोणाने तथागतांच्या दर्शनास सावत्थीला जाण्याची अनुज्ञा मागितली, तेव्हा महाकच्चानांनी त्याच्याबरोबर पाच मागण्या धाडल्या. पहिली, या सीमेवरील प्रांतात कमी भिक्षूंच्या संघाने उपसंपदा देता यावी. दुसरी पादत्राणांची. मध्यदेशात एका तळाची पादत्राणे विहित होती. महाकच्चानांचे म्हणणे असे, की अवन्तीची जमीन वरून काळी, कठीण आणि गुरांच्या खुरांनी तुडविलेली आहे, तेथे अनेक तळांची पादत्राणे वापरण्यास अनुज्ञा असावी. काळी जमीन भेगाळल्यावर आणि पावसात गुरांनी तुडवून ती वाळल्यावर तिच्यावर अनवाणी चालणे काय असते, हे मराठवाड्यातील वाचकांना आम्ही सांगावयास नको. तिसरी मागणी वारंवार स्नानाची, चौथी मेंढी, शेळी, हरिण यांच्या कातड्याच्या आस्तरणाची, आणि पाचवी दूरच्या भिक्षूसाठी दुसऱ्याच्या हाती दिलेल्या चीवराचे दिवस केव्हापासून मोजावयाचे याविषयीची.

येथे दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली अशी, की या मागण्या घेऊन जाणारा सोण हा संघातील अगदी नवा भिक्षू होता. तुझे किती वर्षावास झाले, असे तथागतांनी त्याला विचारले, तेव्हा त्याने एक असे उत्तर दिले. एका वर्षावासाचा भिक्षू, आणि त्याच्या मुखी पाच नियमांतील बदल. दुसरी गोष्ट क्रमाची. तथागतांनी त्याच्या निवासाची सोय आपल्याच विहारात करविली, पहाटे त्याला धम्म म्हणावयास सांगितले, त्याने अट्ठकवग्गाचे पठण केले, ते ऐकून त्याची प्रशंसा केली. मग सोणाला वाटले, आता उपाध्यायांचा निरोप सांगण्याची ही वेळ आहे. ज्याला बोलावयाचे आहे त्याचे आधी ऐकून घेतले गेले होते. त्यामुळे त्याचे भय गेले होते. महाकच्चानांनीही आपल्या शिष्याचे म्हणणे दाबून ठेवले नाही, किंवा आपले म्हणून स्वतः मांडण्यासाठी राखून ठेवले नाही. त्यांनी स्वतःच्या नावाने वंदन सांगावयास लावून शिष्याला पुढे पाठविले. कार्यालयात ज्यांनी काम केले आहे, त्यांना यातील दुर्मीळपणा कळेल.

पाचही मागण्या मान्य झाल्या. पण कशा? मध्यदेशाचा नियम मध्यदेशात तसाच राहिला. सीमाप्रांतांत विनयधर धरून पाच भिक्षूंच्या गणाने उपसंपदा द्यावी, असे ठरले, आणि सीमाप्रांत म्हणजे कोणते, हेही दिशावार सांगितले गेले. दक्षिणेस सेतकण्णिक नावाचे निगम, त्याच्या पलीकडे सीमाप्रांत. म्हणजे गोदावरीचा हा सारा प्रदेश त्या अनुज्ञेच्या कक्षेत येतो. एका ठिकाणची अडचण ऐकून सर्व देशाचा नियम मोडला नाही, आणि सर्व देशाचा नियम आहे म्हणून एका ठिकाणची अडचण नाकारलीही नाही.

याच खन्धकात दुसऱ्या एका सोणाची, सोण कोळिविसाची, कथा आहे. तो सुकुमार होता; चंक्रमण करता करता त्याचे पाय रक्ताळले. तथागतांनी त्याला एकट्याला एका तळाच्या पादत्राणांची अनुज्ञा दिली. त्याने ती नाकारली. मी एवढी संपत्ती सोडून आलो आणि पादत्राणांत अडकलो, असे लोक म्हणतील. संघाला अनुज्ञा मिळाली तर मीही वापरीन, असे त्याने सांगितले. मग ती सर्वांसाठी झाली. आपल्याकडे एखाद्या कर्मचाऱ्याने अडचण मांडली की त्याच्यापुरती सवलत देऊन त्याचे तोंड बंद करण्याची रीत आहे. त्याने व्यवस्था सुधारत नाही, फक्त एक जण गप्प होतो.

विनयाचे वाचन करणाऱ्यास असे दिसेल, की नियम एकदा होऊन थांबत नाही. मूळ नियम तो पञ्ञत्ति, आणि अनुभवाने त्याला जोडलेली पुस्ती ती अनुपञ्ञत्ति. स्नानाचेच पहा. राजगृहाच्या तपोदा येथे भिक्षू स्नान करीत राहिले आणि राजा बिंबिसाराला ताटकळत बसावे लागले, यावरून पंधरवड्यातून एकदाच स्नानाचा नियम झाला. मग उन्हाळ्यात अंगाचा दाह होऊ लागला, कोणी आजारी पडले, कोणी विहाराचे बांधकाम करून घामेजल्या अंगाने झोपू लागले, कोणी प्रवासातून आले, कोणावर धूळ-पाऊस आला. प्रत्येक वेळी कोणी तरी सांगितले आणि प्रत्येक वेळी नियमात एक अपवाद वाढला. उष्मा, परिदाह, आजार, काम, प्रवास, वारा-पाऊस असे सहा समय आज त्या नियमात आहेत. हा नियम वाचताना सहा निरनिराळ्या वेळी काम करणाऱ्याचे ऐकले गेले, याची नोंदच आपण वाचत असतो.

हे ऐकणे केवळ वरिष्ठांच्या चांगुलपणावर सोडलेले नव्हते, हे महत्त्वाचे. वर्षावासाच्या अखेरीस पवारणा होते. त्या दिवशी प्रत्येक भिक्षू संघासमोर म्हणतो, की माझ्याविषयी काही पाहिले, ऐकले किंवा शंकिले असेल तर अनुकंपेने सांगावे. आरंभ सर्वांत ज्येष्ठापासून होतो. संयुत्तनिकायातील पवारणासुत्तात तर सावत्थीच्या पुब्बारामात स्वतः तथागत संघाला विचारतात, की माझ्या कायेच्या वा वाचेच्या कोणत्या कृत्याबद्दल तुमचा काही आक्षेप आहे काय. शिष्याच्या कर्तव्यांतही उपाध्यायाच्या मनात शंका किंवा मिथ्यादृष्टी उत्पन्न झाली तर ती दूर करण्याचे कर्तव्य येते. संघातील ठराव, ञत्ति, कम्मवाचा, गणपूर्ती आणि मतमोजणी यांकडे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 25 नोव्हेंबर 1949 च्या संविधान सभेतील भाषणात लक्ष वेधले होते. त्या कार्यपद्धतीला अर्थ येतो तो ज्येष्ठाने आधी स्वतःला तपासावयास दिल्यामुळे, असे आम्हांस वाटते.

कोणी म्हणेल, हे सारे अडीच हजार वर्षांपूर्वीचे आणि गृहत्यागी माणसांचे. नांदूरघाटच्या पश्चिमेस, पाटोद्याच्या पलीकडे, जामखेड आहे. तेव्हाच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात. तेथे आरोग्याच्याच क्षेत्रात जे घडले ते या प्रश्नाचे उत्तर म्हणून पाहता येते.

डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य वेल्लोरच्या ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयात शिकले, पुढे अमेरिकेत जाऊन त्यांनी सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतले, आणि 1970 मध्ये त्यांनी जामखेडला सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्याआधी त्याच जिल्ह्यातील वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात त्यांनी काम केले होते. बरे होऊन गेलेले रुग्ण त्याच आजाराने पुन्हा येतात आणि बहुतेक आजार मुळात टाळता येण्याजोगे असतात, हे त्यांना तेथे दिसले. जामखेडला आल्यावर त्यांची पहिली योजना पुस्तकी दृष्टीने अगदी बिनचूक होती. प्रशिक्षित परिचारिका गावोगावी ठेवावयाच्या. ती चालली नाही. तरुण, बहुधा अविवाहित, बाहेरगावची मुलगी. तिला गावात एकटीने राहणे कठीण आणि गावातील वडीलधाऱ्या बायांना तिचे ऐकणे कठीण.

येथे दोन मार्ग होते. परिचारिकांना कामचुकार ठरविणे, हा एक. तो नेहमीचा आहे. आरोळे दांपत्याने योजनाच चुकली असे मान्य केले. गावाने आपल्यातीलच एक स्त्री निवडावी, तिला शिकवावे, असे ठरले. निवडल्या गेलेल्या अनेक स्त्रिया निरक्षर होत्या, मध्यम वयाच्या होत्या, आणि त्यांतील कित्येक दलित वस्तीतील होत्या. गरोदर स्त्रीची तपासणी, स्वच्छ बाळंतपण, जुलाब झालेल्या मुलाला मीठ-साखरेचे पाणी, कुष्ठरोगाचा चट्टा ओळखणे, ही कामे त्या करू लागल्या. प्रकल्पाच्या गावांत 1971 साली दर हजार जन्मांमागे 176 अर्भके दगावत होती. 1976 पर्यंत हा आकडा 52 वर आला, आणि 1990 च्या दशकात तिसाच्याही खाली गेला. या कामासाठी 1979 मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. श्रीमती आरोळे 1999 मध्ये आणि डॉ. आरोळे 2011 मध्ये निवर्तले. प्रकल्प पुढे चालू राहिला.

आमच्या विषयाच्या दृष्टीने या आकड्यांहून महत्त्वाची आहे ती आठवड्याची बैठक. या स्त्रिया दर आठवड्याला जामखेडला येत. आरंभी निरनिराळ्या जातींच्या स्त्रिया एकत्र जेवण्यासही तयार नव्हत्या. हळूहळू त्या एकत्र बसू लागल्या, जेवू लागल्या, मुक्काम करू लागल्या. बैठकीत डॉक्टर शिकवीत, पण तेवढेच नव्हे. गावात काय घडले, कोणते सांगणे लोकांनी मानले, कोणते धुडकावले, एखाद्या सासूला कसे पटविले, हे त्या एकमेकींना सांगत. एका गावी चाललेली युक्ती दुसऱ्या गावी जाई. पुढे या स्त्रियाच नव्या स्त्रियांना शिकवू लागल्या, आणि बाहेरून शिकावयास येणाऱ्या डॉक्टरांनाही. डॉक्टरचे ज्ञान आणि बाईचा अनुभव एकाच सतरंजीवर बसले, तेव्हा त्या अनुभवातून नवे काही निघू लागले. नाही तर तो अनुभव तिच्या आधीही गावात होताच.

यावरून नवे ते सारे चांगले, असा समज कोणी करून घेऊ नये. परिनिर्वाणानंतर सुमारे शंभर वर्षांनी वेसालीच्या वज्जिपुत्तक भिक्षूंनीही नवे काही केलेच होते. शिंगात मीठ साठविण्यापासून उपासकांकडून नाणी घेण्यापर्यंत दहा गोष्टी त्यांनी रूढ केल्या. उपोसथाच्या दिवशी पाण्याने भरलेले काशाचे पात्र मांडून ते त्यात नाणी टाकावयास सांगत. थेर यसाने हरकत घेतली, तेव्हा त्यांनी आधी त्याला जमलेल्या पैशांतील वाटा देऊ केला. त्याने तो घेतला नाही. मग त्यांनी त्याच्यावरच उपासकांची क्षमा मागण्याचा दंड बसविला. पुढे सातशे भिक्षूंच्या संगीतीत त्या दहाही गोष्टी अमान्य झाल्या. सोणाच्या मागण्या आणि वेसालीच्या वहिवाटी यांतील भेद केवळ बाबींचा नाही. मिठाची बाब तशी किरकोळच होती. सोण विचारावयास गेला, आणि वेसालीत विचारणाऱ्याला आधी विकत घेऊ पाहिले, मग बाहेर काढू पाहिले. ज्या नव्या गोष्टीविषयी शंका विचारता येत नाही, ती नवी असली तरी तिच्यापासून सावध राहावे.

उलट बाजूचाही दोष परंपरेत आहे, आणि तो झाकण्याचे आम्हांस कारण नाही. क्षुद्रानुक्षुद्र नियम संघाने इच्छिल्यास काढून टाकावेत, असे तथागतांनी अंतसमयी सांगितले होते. राजगृहाच्या पहिल्या संगीतीत, क्षुद्र म्हणजे नेमके कोणते, यावर एकमत होईना. ते विचारून घेतले नाही म्हणून आनंदाला दोष दिला गेला, आणि महाकस्सपांच्या प्रस्तावाने सर्वच नियम राखले गेले. बदलाचा अधिकार हाती असूनही लोक काय म्हणतील या विचाराने तो न वापरणे, हे तेव्हापासून आजवरच्या सर्व कचेऱ्यांत चालत आले आहे.

आशा योजना 2005 मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाबरोबर आली. गावातीलच स्त्री निवडावी, ही जामखेडसारख्या प्रयोगांत सिद्ध झालेली गोष्ट तिने स्वीकारली. पण बैठकीचे काय? आम्ही मुद्दाम एका ठिकाणची मासिक बैठक पाहावयास गेलो. दोन तासांपैकी बहुतेक वेळ रकाने भरण्यात आणि ते न भरल्याचा जाब देण्यात गेला. मोबदला कामागणिक, म्हणून चर्चा त्याच कामांची. फडावर गेलेल्या बाळाचा डोस हे कोणाच्याच यादीतले काम नव्हते. बैठक घेणारे अधिकारी वाईट नव्हते. त्यांनाही वरून तेवढेच रकाने विचारले जात होते. नव्या विचाराला विरोध असा कोणी करीत नव्हता. त्यासाठी वेळ ठेवलेला नव्हता, इतकेच.

आणि ऊसतोडीचे काम तर याहून कितीतरी कठोर. तेथे कामाचे ठिकाण म्हणजे फड, वरिष्ठ म्हणजे मुकादम, आणि करार म्हणजे आधीच घेतलेली उचल. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो आणि खाडा झाला तर दंड कापला जातो. बाईला पाळीच्या दिवसांत विसावा मिळावा, हा स्नानाच्या नियमातील अपवादाइतकाच साधा अपवाद. पण तो मांडावा कोणाकडे? बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 मध्ये साऱ्या राज्यासमोर आला आणि शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. ज्या कामात अडचण सांगण्याची वाट नसते, तेथे माणसे नियमाऐवजी स्वतःच्या शरीरात बदल करून घेतात. कार्यसंस्कृती हा शब्द वातानुकूलित कार्यालयांपुरता आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी हे ध्यानात घ्यावे.

त्या उपासिकेला आम्ही दोन गोष्टी सुचविल्या. एक, तिने आपली मागणी एकटीने न मांडता शेजारच्या तीन-चार गावांतील आशा सेविकांसह लेखी मांडावी, आणि 'नवीन उपक्रम' असे न म्हणता चौदाव्या आठवड्याचे किती डोस गेल्या हंगामात चुकले, ते नावानिशी मोजून जोडावे. महाकच्चानांनी तीन वर्षे लागली हे सांगितले होते, जमीन काळी आहे हे सांगितले होते. नियम जुना झाला असे म्हटले नव्हते. दुसरी, तिच्या गटप्रवर्तक ताईंना तिने आधी विश्वासात घ्यावे आणि त्यांच्याच नावाने निरोप वर जाऊ द्यावा.

पवारणेची आश्विन पौर्णिमा आणि ऊसतोडीच्या गाड्या निघण्याचे दिवस नांदूरघाटच्या परिसरात जवळजवळ एकाच वेळी येतात. आश्विनात तिचा निरोप आला. सतरा बाळांच्या चिठ्ठ्या तिने वहीच्या कागदावर स्वतःच लिहिल्या होत्या आणि गटप्रवर्तक ताईंनी त्या फोनवरून कारखान्यांकडील आशा सेविकांना वाचून दाखविल्या होत्या. नमुन्यात रकाना अद्याप झालेला नाही. लेखी अर्जावर चार गावांच्या सह्या झाल्या आहेत आणि तो तालुक्याला गेला आहे.